तबला बंद, यंत्र चालू

२००२ साली एडो बाउमन नावाचा एक डच माणूस दिल्लीत जुन्या रेकॉर्डी धुंडाळत फिरत होता. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या हिंदी सिनेसंगीताचा तो नादिष्ट. एका जुन्या दुकानात त्याच्या हाताला एचएमव्हीची एक एलपी लागली. नाव ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’, वादक चरणजित सिंग, साल १९८२. असल्या नावाच्या रेकॉर्डीकडून कुणी फारशी अपेक्षा ठेवत नाही. हॉटेलच्या लॉबीत वाजावं तसं काहीतरी गुळगुळीत निघणार, हे ठरलेलंच. बाउमनने ती घेतली, मुक्कामी नेली आणि सोबतच्या पोर्टेबल प्लेअरवर लावली.

ऐकून तो उडालाच. त्याच्या कानावर पडत होतं ते ॲसिड हाउस.

ज्यांचा या प्रकाराशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. ॲसिड हाउस हे नाचाचं यंत्रसंगीत. खाली एकसारखा ठोका आणि त्यावर मंद्र सप्तकातला एक सूर, जो सतत वळवळतो, चिरकतो, मधूनच ओला होतो, मधूनच धारदार. गाणं असं नसतंच. एक छोटी सुरावट पुन्हा पुन्हा येत राहते आणि बदलतो तो तिचा पोत. या संगीताचा जन्म शिकागोचा, आणि त्याची जन्मतारीख म्हणून सगळे बोट ठेवतात ते १९८७ सालावर. त्या वर्षी फ्यूचर या त्रिकुटाची ‘ॲसिड ट्रॅक्स’ ही रेकॉर्ड बाजारात आली. पुढच्या वर्षी इंग्लंडमधली तरुण पिढी याच आवाजावर रात्रीच्या रात्री नाचत होती.

आणि दिल्लीतल्या रेकॉर्डवर साल होतं १९८२. म्हणजे शिकागोच्या पाच वर्षं आधी, मुंबईत, एचएमव्हीच्या स्टुडिओत, कुणा सरदारजींनी हा आवाज काढला होता. आणि वाजवत काय होते, तर ललत, तोडी आणि मालकंस.

हे कसं शक्य होतं, ते समजायचं तर आधी एका छोट्या चंदेरी डब्याची गोष्ट सांगावी लागेल.

जपानच्या रोलँड कंपनीने १९८१ च्या अखेरीस टीबी-३०३ नावाचं यंत्र बाजारात आणलं. टीबी म्हणजे ‘ट्रान्झिस्टर बेस’. आरेखन तादाओ किकुमोतो यांचं. कल्पना अगदी साधी होती. गिटार वाजवणारा एकटाच घरी सराव करतो, सोबतीला बेस गिटारवाला कुठून आणणार? मग हा डबा घ्या, त्यात बेसच्या सुरावटी भरून ठेवा, तो वाजवत राहील. डबा बॅटरीवर चालायचा, काखोटीला मारून कुठेही नेता यायचा. फसला तो एकाच बाबतीत, पण ती बाब जरा महत्त्वाची होती. त्याचा आवाज बेस गिटारसारखा मुळीच नव्हता.

शिवाय तो वापरणं म्हणजे डोकेदुखी. त्यावर एका सप्तकाच्या इवल्याशा पट्ट्या आहेत, पण पेटीसारखं बसून वाजवायला त्या नाहीतच. आधी एका खटक्यावर नुसते स्वर भरायचे, एकामागून एक, लयीचा विचार न करता. मग दुसऱ्या खटक्यावर जाऊन सोळा घरांपैकी कुठल्या घरात स्वर वाजेल, कुठे लांबेल आणि कुठे शांतता, हे वेगळं भरायचं. स्वर आणि काळ यांची अशी फारकत केलेली असल्यामुळे एक घर चुकलं की पुढचं सगळं सरकतं आणि भलतीच सुरावट बाहेर पडते. त्यानंतर प्रत्येक स्वराला दोन गोष्टी लावता येतात. एक आघात, म्हणजे तो स्वर ठासून वाजेल. दुसरी ‘स्लाइड’, म्हणजे तो पुढच्या स्वराकडे न तुटता घसरत जाईल. आणि बॅटऱ्या काढून पुन्हा घातल्या, की आत भरून ठेवलेल्याची पार खिचडी होते. त्या खिचडीतूनही लोकांनी नंतर रेकॉर्डी काढल्या, ही गोष्ट वेगळी.

खप झाला नाही. १९८४ पर्यंत उत्पादन गुंडाळलं गेलं. एकूण दहा हजारांच्या आसपास डबे बनले असतील. अमेरिकेत ते जुन्या सामानाच्या दुकानांत पडेल भावाने जाऊ लागले. शिकागोच्या फ्यूचरवाल्यांनी असाच एक जुना डबा उचलला आणि सुरावट वाजत असताना वरची बटणं मन मानेल तशी पिळायला सुरुवात केली. कंपनीच्या माहितीपुस्तकात असं करायला कुणी सांगितलं नव्हतं. त्या पिळण्यातून तो वळवळता आवाज निघाला. रॉन हार्डी या डीजेने ती टेप आपल्या क्लबात लावली तेव्हा नाचणारे पहिल्यांदा बाजूलाच झाले. त्याने त्याच रात्री ती पुन्हा लावली, पुन्हा लावली, आणि चौथ्यांदा लावली तेव्हा लोक वेडे झाले, अशी फ्यूचरवाल्यांची आठवण आहे.

आता बाउमनच्या हातात जी रेकॉर्ड होती, तिच्यावर हाच डबा वाजत होता.

त्याने मुंबई गाठली. चरणजित सिंग बांद्र्याला राहत होते. बाउमनने त्यांना भेटून सगळं समजून घेतलं आणि २०१० मध्ये आपल्या ‘बॉम्बे कनेक्शन’ या लेबलवर ती रेकॉर्ड पुन्हा काढली. आणि लोकांनी सरळ सांगून टाकलं, हा बनाव आहे! कुणातरी युरोपियन यंत्रसंगीतकाराने आज बसून हे तयार केलंय, त्याला जुन्या एचएमव्हीचं वेष्टन चढवलंय आणि एक सरदारजी उभे केलेत. अफेक्स ट्विन हा इंग्रज संगीतकार अशा खोड्यांबद्दल प्रसिद्ध. त्याचंच हे काम, अशी कुजबुज बरीच चालली.

संशय अगदीच वेडगळ नव्हता. जुन्या काळातला हरवलेला चमत्कार सापडला असं सांगून नवा माल खपवणं ही संगीतव्यवसायातली नेहमीची युक्ती आहे. पण मला या संशयात आणखी एक गोष्ट दिसते. हे मुंबईत, त्या साली, होऊच कसं शकतं, असा एक सूर त्यात आहे. जणू ऐंशी सालच्या मुंबईत यंत्रं नव्हतीच, होते ते फक्त सतारवाले.

वास्तविक हिंदी सिनेमाचे वादक यंत्रांच्या बाबतीत जगाच्या फार मागे कधीच नव्हते. १९५४ च्या ‘नागिन’मधली ती प्रसिद्ध पुंगी आठवा. ती पुंगी नव्हतीच. हेमंतकुमारांच्या त्या संगीतात क्लॅव्हिओलिन नावाचं विजेवरचं कीबोर्ड वाजवलं होतं कल्याणजींनी, आणि सोबतीला हार्मोनियमवर होते रवी. आख्ख्या देशाने साप डोलतोय म्हणून मान डोलावली. सत्तरच्या दशकात केरसी लॉर्ड यांनी मूग सिंथेसायझर सिनेसंगीतात आणला. चरणजित सिंग हे याच परंपरेतले. १९६० च्या दशकापासून ते मुंबईच्या रेकॉर्डिंग स्टुडिओंमध्ये वाजवत होते. शंकर-जयकिशन, बर्मन पिता-पुत्र, लक्ष्मीकांत-प्यारेलाल अशा मोठमोठ्यांकडे त्यांनी काम केलं. ‘दम मारो दम’मध्ये ऐकू येणारं ट्रान्झिकॉर्ड, म्हणजे ॲकॉर्डियनच्या घाटाचं ते विजेवरचं वाद्य, त्यांच्याच हातचं. आणि मुख्य म्हणजे ते बेस गिटार वाजवायचे.

या शेवटच्या वाक्यापाशी मी पहिल्यांदा हे सगळं वाचलं तेव्हा जरा थांबलो होतो. बेस गिटारवाल्याची गरज उरू नये म्हणून जपानने जे यंत्र बनवलं, ते मुंबईत विकत घेतलं एका बेस गिटारवाल्याने!

तेव्हाच्या मुंबईत असलं यंत्र दुकानात मिळायचं नाही. परदेशी इलेक्ट्रॉनिक वस्तूंवर जकात जबरदस्त होती. वादक मंडळी कार्यक्रमांच्या निमित्ताने बाहेर जायची आणि येताना सामान घेऊन यायची. चरणजित सिंगांनी आपली यंत्रं सिंगापूरला घेतली. तीन होती. टीबी-३०३ हे एक. दुसरं टीआर-८०८, तालासाठी. आणि तिसरं ज्युपिटर-८, एका वेळी आठ स्वर उमटवणारा भला मोठा, भलताच महाग सिंथेसायझर, जो १९८१ मध्ये नुकताच आला होता. बनावाच्या आरोपाला खरं उत्तर या तारखांतच आहे. तिन्ही यंत्रं १९८२ पूर्वी विक्रीला होती. ती एकमेकांना जोडायला लागणारी तार रोलँडच देत असे. ८०८ ने ठोका धरला की ३०३ त्याच्याबरोबर चालायचा. ज्युपिटर हाताने वाजवायचा. म्हणजे एक माणूस, तीन यंत्रं आणि एक टेपरेकॉर्डर एवढ्यात सगळं उभं राहत होतं.

डिस्कोचं म्हणाल तर ते मुंबईच्या हवेतच होतं. १९८० मध्ये ‘कुर्बानी’ आला आणि नाझिया हसनचं ‘आप जैसा कोई’ घराघरांत पोचलं. पुढच्या वर्षी तिची ‘डिस्को दीवाने’ निघाली. १९८२ च्या डिसेंबरात ‘डिस्को डान्सर’ पडद्यावर येणार होता. चरणजित सिंगांनी नंतर मुलाखतीत जे सांगितलं त्याचा मथितार्थ असा: सिनेमात जिकडेतिकडे डिस्को चाललं होतं, म्हटलं आपण त्याच तालावर काहीतरी निराळं करावं. राग घ्यावेत, तबला बंद करावा आणि डिस्कोचा ठेका लावावा. क्रांतीबिंतीची भाषा नाही. कामावरच्या कारागिराला सुचावं तसं सुचलं आणि करून टाकलं. ध्वनिमुद्रण दोन दिवसांत आटोपलं.

आता रेकॉर्ड ऐकावी. राग दहा, प्रत्येकाला पाचेक मिनिटं. ललत आहे, भूप आहे, तोडी, मधुवंती, मेघ मल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी. यांत भूप, कलावती, मालकंस आणि बैरागी हे चार राग पाच स्वरांचे, आणि माझ्या मते रेकॉर्डचा जीव याच चारांत आहे. कारण सोळा घरांच्या त्या यंत्राला पाच स्वर झेपतात. मालकंसात षड्ज, कोमल गंधार, मध्यम, कोमल धैवत आणि कोमल निषाद एवढेच घेऊन ३०३ खालून चक्र फिरवत राहतो. रिषभ-पंचम नसल्याने त्या चक्रात एक पोकळी राहते, आणि ज्युपिटर वरून येऊन त्या पोकळीत फिरतो. तासन्‌तास चालावं असं ते आहे. तोडीत मात्र काम अवघड झालंय. तोडीचा गंधार कोमलाहूनही खाली उतरलेला, गवई तो मोठ्या जपणुकीने लावतात. यंत्राकडे मोजून बारा स्वर. मधलं काही त्याला माहीतच नाही. ललतातले लागोपाठचे दोन मध्यमही इथे दोन शेजारच्या पट्ट्या होऊन बसतात.

रागदारीवाल्यांनी नाक मुरडलं असणार, असं वाटलं तर नवल नाही. याच कारणावरून आकाशवाणीने १९४० मध्ये बिचाऱ्या पेटीला बाहेरचा रस्ता दाखवला होता आणि ती बंदी सैल व्हायला १९७१ उजाडलं. पेटीबद्दलच्या तक्रारी दोन होत्या: श्रुती नाहीत आणि मींड नाही. ३०३ कडे श्रुती नाहीतच. पण मींडेच्या नावाने काहीतरी आहे. ती स्लाइड लावली की एक स्वर न तुटता दुसऱ्यावर जातो. सतारियाची मींड नव्हे ती. सतारीवर तार किती ओढायची, किती वेळ घ्यायचा, वाटेत कुठे रेंगाळायचं हे बोट ठरवतं. यंत्राचं घसरणं दर वेळी तेवढ्याच वेळात उरकतं, जवळचा स्वर असो की लांबचा. तरीही ऐकणाऱ्या कानाला जोड कळते. पॉप संगीतवाल्यांना हे बटण म्हणजे गंमत वाटली असेल. रागात वाढलेल्या माणसाने ते बटण पाहिल्यावर पहिल्यांदा त्याचाच उपयोग करायचा, हे मला अगदी स्वाभाविक वाटतं. शिकागोच्या पोरांनी ३०३ ची पोत बदलणारी बटणं पिळली. मुंबईच्या वादकाने दोन स्वरांमधला सांधा पकडला. दोघे एकाच आवाजाच्या दारात पोचले, ते वेगवेगळ्या रस्त्यांनी.

रेकॉर्ड बाजारात आली आणि पडली. डिस्को हवं असणाऱ्यांना त्यात गाणं सापडलं नाही, राग हवे असणाऱ्यांना तबला. चरणजित सिंग आपल्या ऑर्केस्ट्राकडे, लग्नसमारंभांच्या कार्यक्रमांकडे परत गेले.

त्या तीन यंत्रांपैकी ८०८ चीही तीच गत झाली, पण कारण निराळं. ८०८ मध्ये ढोल-झांजांचे आवाज खऱ्याखुऱ्या वाद्यांचे नव्हते. विजेच्या मंडलांतून ते घडवलेले होते. रोलँडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांनी त्यासाठी मुद्दाम सदोष ट्रान्झिस्टर विकत घेतले होते, कारण त्यांतूनच तो फसफसता आवाज यायचा. त्याच सुमाराला अमेरिकेत रॉजर लिन यांचं एलएम-१ आलं. त्यात खऱ्या ड्रमचे आवाज मुद्रित करून चिपमध्ये बसवले होते. किंमत पाच हजार डॉलरच्या घरात, ८०८ ची बाराशेच्या आसपास. ज्यांच्याकडे पैसे होते त्यांनी खरा आवाज घेतला. १९८३ मध्ये ८०८ बंद पडलं.

इथून सॅम्पलरचं राज्य सुरू होतं, म्हणजे खरा आवाज पकडून ठेवायचा आणि पट्टीवर बोट ठेवलं की वाजवायचा. या यंत्राचा मुंबईतला अवतार आणि परदेशातला अवतार अगदी वेगळा निघाला. मुंबईत त्याने माणसं हटवली. एकेकाळी ध्वनिमुद्रणाला साठ-साठ, शंभर-शंभर वादक बसायचे. बांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचा व्हायोलिनांचा ताफा हे एक दृश्यच असे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून कीबोर्डवर तंतुवाद्यं, तबला, ढोलक सगळं मिळू लागलं आणि ते ताफे विरत गेले. कल्याणजींचे चिरंजीव विजू शाह यांच्या ‘त्रिदेव’, ‘मोहरा’तल्या संगीताचा झगझगीतपणा बराचसा या नव्या यंत्रांचा. आज अंधेरी-ओशिवऱ्यात एका खोलीत, एका माणसाच्या संगणकावर सिनेमाचं पार्श्वसंगीत पुरं होतं, त्याची मुळं तिथे आहेत.

परदेशात याच यंत्राने जुन्या रेकॉर्डींचे तुकडे करायला घेतले. ई-म्यू कंपनीचा एसपी-१२०० हा १९८७ चा सॅम्पलर अजूनही निर्मात्यांना वेड लावतो. त्याची स्मृती किती? एकंदर दहा सेकंद. त्यात आख्खं गाणं बसवायचं. मग हिपहॉपच्या पोरांनी शक्कल काढली. तेहेतीसची रेकॉर्ड पंचेचाळीसच्या वेगाने लावून तुकडा पकडायचा, म्हणजे कमी सेकंदांत जास्त माल मावतो. नंतर यंत्रातच त्याला हळू करायचं. हळू करताना बारा बिटच्या त्या यंत्रात आवाज खरखरीत, दाणेदार व्हायचा. काटकसर म्हणून केलेली ही गोष्ट पुढे चव होऊन बसली. आज फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये तासन्‌तास मुद्रण करता येतं, आणि लोक त्यावर पैसे देऊन तीच खरखर चढवतात. दहा सेकंदच आहेत म्हटल्यावर रेकॉर्डमधली नेमकी कुठली दोन सेकंदं घ्यायची यासाठी कान देऊन बसावं लागतं. जुन्या यंत्रांची ओढ मला तरी या सक्तीमुळे समजते. बाकी बटणांचा स्पर्श वगैरे जे बोललं जातं ते खरं असेल, पण त्यात हौसेचा भाग बराच आहे.

आणि हे तुकडे करणारे फिरत फिरत मुंबईपर्यंत पोचलेच. ज्या २००२ साली बाउमनला दिल्लीत रेकॉर्ड सापडली, त्याच साली अमेरिकन रेडिओवर लताबाईंचा आवाज वाजत होता. डीजे क्विक या निर्मात्याने एका सकाळी टीव्ही लावला, झी टीव्हीवर एक हिंदी नृत्यगीत चाललं होतं. दात घासता घासता आपण त्यावर डोलतोय हे लक्षात आल्यावर त्याने व्हीसीआरचं बटण दाबलं. ते होतं १९८१ च्या ‘ज्योती’तलं ‘थोडा रेशम लगता है’, संगीत जुहूच्या बप्पी लाहिरींचं. त्यावरून ट्रुथ हर्ट्‌स या गायिकेचं ‘ॲडिक्टिव्ह’ तयार झालं आणि अमेरिकेच्या पहिल्या दहांत गेलं. परवानगी कुणी घेतली नव्हती. प्रकरण कोर्टात गेलं, आणि बप्पींचं श्रेय छापल्याशिवाय सीडी विकू नका, असा आदेश तिथल्या न्यायाधीशांनी दिला. चाली उचलल्याचे आरोप ज्यांनी स्वतः आयुष्यभर ऐकले त्या बप्पीदांना ही फिर्याद किती गोड वाटली असेल! तोवर मुंबईत त्याच गाण्याचं ‘कलियों का चमन’ हे रिमिक्सही धुमाकूळ घालू लागलं होतं. गाणं जुहूहून लॉस एंजेलिसला गेलं आणि नवा ठेका घेऊन परत आलं.

या सगळ्या भांडणात संगीतकाराचं नाव आलं, कंपनीचं आलं, गायिकेचं तर होतंच. त्या गाण्यात ढोलक कुणी वाजवला, ते कुणी विचारलं नाही. सिनेसंगीताचा हा जुना शिरस्ता. रेकॉर्डच्या वेष्टनावर वादकाला जागा नसते. ग्रेगरी बूथ या अभ्यासकाने २००८ मध्ये ‘बिहाइंड द कर्टन’ हे पुस्तक लिहून मुंबईच्या या पडद्यामागच्या वादकांना बोलतं केलं, तेव्हा कुठे कितीतरी प्रसिद्ध सुरांना माणसं मिळाली.

म्हणून ‘टेन रागाज’ ही मला निराळी वाटते. चरणजित सिंगांचं नाव तोवर रेकॉर्डींवर आलं नव्हतं असं नाही. स्टील गिटारवर सिनेगीतांच्या धून वाजवलेल्या त्यांच्या तबकड्या निघत. पण त्या चाली दुसऱ्यांच्या. इथे मात्र चाल सिनेमाची नाही, अरेंजर नाही, गायक नाही, व्हायोलिनांचा ताफा नाही. सिंगापूरहून आणलेल्या तीन यंत्रांमुळेच हे साधलं. ज्या जातीच्या यंत्रांनी पुढे मुंबईतल्या शेकडो वादकांच्या पोटावर पाय दिला, त्यांनीच दोन दिवसांपुरतं एका वादकाला कुणाच्याही हाताखाली न राहता आपलं काम करू दिलं. अफेक्स ट्विनची अफवा म्हणूनच जास्त खटकते. पडद्यामागून एकदा पुढे आलेल्या माणसाला ती पुन्हा मागे ढकलत होती.

मग मुंबईत ॲसिड हाउसचा शोध लागला, असं म्हणायचं का? २०१० नंतर पाश्चात्त्य वर्तमानपत्रांनी तसे मथळे दिले, आणि आपल्याकडे ते वाचून काहींची छाती फुगली. मला ते पटत नाही. शिकागोच्या त्रिकुटाने ही रेकॉर्ड ऐकली असण्याचा काही संभव नाही. एका ठिकाणाहून दुसरीकडे काही गेलेलंच नाही. ३०३ इतरांनीही वापरला. स्कॉटलंडच्या ऑरेंज ज्यूस या बँडच्या ‘रिप इट अप’मध्ये तो त्याच सुमाराला ऐकू येतो. १९८२ मध्येच न्यूयॉर्कला ‘प्लॅनेट रॉक’ने ८०८ गाजवलं, मार्विन गेच्या ‘सेक्शुअल हीलिंग’मध्येही तेच वाजलं. यंत्र बाजारात आलं की दहा ठिकाणी दहा जण त्याच्याशी खेळतातच. शोध लागला तो एका वादकाचा, एवढं म्हटलं तरी पुष्कळ झालं.

आपल्या गल्लीतला खेळ तर अजून चालूच आहे. घाटकोपर, मुलुंडच्या गणपती मिरवणुकांतली बेंजो पार्टी पाहा. बेंजोवाल्याच्या शेजारी स्टँडवर आठ रबरी चौकटींचा जो ऑक्टोपॅड असतो, त्यात तबला-ढोलकीपासून काचेच्या फुटण्यापर्यंत मुद्रित आवाज भरलेले असतात. रोलँडचा एसपीडी-२० हे त्यातलं नव्वदच्या दशकातलं मॉडेल, आणि नवी महागडी यंत्रं आली तरी कितीतरी वादक ते सोडायला तयार नाहीत. विचाराल तर सांगतील, हात बसलाय आणि टोन ठोस आहे. युरोपातले निर्माते जुन्या सॅम्पलरबद्दल हेच पानंच्या पानं लिहितात.

३०३ चा भाव आता काही लाख रुपयांत आहे. रोलँडने स्वतःच त्याची छोटी नवी आवृत्ती काढली, इतर कंपन्यांच्या स्वस्त नकला तर ढिगाने मिळतात. चरणजित सिंगांना या सगळ्याचं थोडंसं सुख मिळालं. सत्तरी ओलांडलेले हे गृहस्थ पुन्हा यंत्रांसमोर बसले, युरोपात कार्यक्रम केले, नातवंडांच्या वयाची गर्दी त्यांच्या रागांवर नाचली. ५ जुलै २०१५ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. त्यांचा मालकंस ऐकताना माझ्या मनात एक व्यवहारी विचार येतोच. हा राग मध्यरात्रीनंतरचा. आपल्याकडे उघड्यावरच्या मैफलीला दहाच्या ठोक्याला ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो, त्यामुळे मालकंस हल्ली जेवणाच्या वेळेला उरकतात. युरोपातल्या त्या क्लबांत रात्री दोनशिवाय गर्दीच भरत नाही.